खाऱ्या बोअरची ऊब

मित्रांनो, मी एक जुनी बोअर आहे. इंदापूर तालुक्यात, सणसरच्या शिवारात, चारी बाजूंनी हिरवागार ऊस आणि मध्येच मीठ फुटून पांढरा पडलेला एक तुकडा दिसला, की समजा तिथंच मी राहते. जवळ आलात तर एक जाड लोखंडी पाईप, त्याला जोडलेल्या चार नळ्या आणि दोन चाकं एवढंच दिसेल. बाकी मी सगळी जमिनीच्या पोटात आहे. तुमची शाळा माझ्यात उभी सोडली, तिच्यावर गावचं देऊळ सोडलं आणि त्याच्यावर पाण्याची टाकी ठेवली, तरी माझा तळ खालीच राहील. माझं पाणी खारट आहे. स्वभावही फार गोड आहे असं नाही. पण आज सांगायला बसले आहे, तर मध्येच उठून जाऊ नका.

माझा जन्मच मुळी एका गैरसमजात झाला. एका सरकारी खात्याला या भागात काळा खडक किती खोल गेला आहे, ते बघायचं होतं. जोतीराम आणि त्यांची बायको कौसल्या यांनी आपल्या रानाचा एक कोपरा त्यासाठी दिला. मोठी मशीनची गाडी आली आणि तिची घरघर सुरू झाली. खात्याची माणसं पहिल्या दिवसापासून सांगत होती, की हे काम पाण्यासाठी नाही, खडकासाठी आहे. पण गावाला ते पटेना. बोअर मारायची आणि ती पाण्यासाठी नाही, असं आमच्याकडे आजवर कधी झालं नव्हतं.

गावातले सगळ्यात म्हातारे गेणबा तर मशीनवाल्यांना तोंडावर म्हणाले, “खडक बघाया कोन एवढं डिझेल जाळतंय? पानी लागलं की सांगा म्हंजी झालं. आमी कुनाला बोलत न्हाय.”

आणि एके दिवशी पाणी लागलं. पंप नाही, मोटार नाही, ते आपोआपच वर उसळलं. बायका घागरी घेऊन धावत आल्या, कुणी नारळ फोडला, कुणी गुलाल उधळला. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! गेणबांनी मानाची पहिली ओंजळ भरली आणि “आई गं!” म्हणून हात झटकले. पाणी कढत होतं. थोडं निवल्यावर त्यांनी ते तोंडात घेतलं आणि तिथंच थुंकलं.

“आरं, हे तर नुसतं मीठ हाय!”

मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा न घेता उठावेत, तशा त्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. खात्याच्या माणसांनी खडकाचे तुकडे पेट्यांत भरले, माझ्या तोंडावर एक व्हॉल्व्ह बसवला आणि तेही गेले. जोतीरामांनी एकदा माझं पाणी गार करून उसाला देऊन बघितलं. पानं करपली आणि जमीन पांढरी झाली. त्यांनी व्हॉल्व्ह घट्ट पिळून बंद केला. त्या दिवसापासून गावानं मला “खारी” असं नाव ठेवलं. ते अजून कुणी बदललेलं नाही.

मित्रांनो, आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही हे कळलं, की फार वाईट वाटतं. मला वाटलं. पोटात एवढं पाणी असून तहानलेल्या माणसाला एक घोट देता येत नाही, हे दुःख साधं नाही.

माझ्याकडे पहिल्यांदा मायेनं बघितलं ते कौसल्येनं. थंडीच्या दिवसांत शेणानं भरलेले हात धुवायला तिनं सहज माझा व्हॉल्व्ह जरासा उघडला. हात धुऊन झाले तरी ती उठेना. मग तिनं पाय पुढं केले. गुडघ्यांवर पाणी घेतलं. घरी जाऊन तिनं जोतीरामांच्या मागं भुणभुण लावली आणि उरलेल्या विटांचा एक छोटा हौद माझ्या शेजारी बांधून घेतला. जोतीराम बांधताना सारखे म्हणत होते, “खारीच्या नादाला लागू नगं.” तरी गिलावा मात्र त्यांनी अगदी गुळगुळीत केला.

आता चंद्राबाईबद्दल सांगते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कुणी आष्टीकडून, कुणी पाटोद्याकडून. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, की ही माणसं उसाच्या फडाशेजारी कोप्या घालून राहतात. कोपी म्हणजे पाचटाची, उसाच्या वाळलेल्या पाल्याची, आणि ताडपत्रीची छोटी झोपडी. तिच्यात मोरी कुठली असणार? बाया उजाडायच्या आत कालव्यावर जाऊन गार पाण्यानं कशीबशी अंघोळ उरकायच्या आणि कुडकुडत फडात उभ्या राहायच्या. चंद्राबाई अशाच एका टोळीतली. ती कौसल्येकडं प्यायचं पाणी मागायला आली आणि तिला माझ्यावरची वाफ दिसली.

“अक्का, ते काय वाफाळतंय? कुनी गुळाची कायली ठिवलीय का काय?”

“न्हाय गं. ती आमची खारी हाय. प्यायाच्या कामाची न्हाय, पन न्हायाला ब्येस.”

दुसऱ्या दिवशी दोघींनी हौदाभोवती बांबू रोवले, त्यांना पाचट बांधलं आणि चांगला उंच आडोसा केला. मग चंद्राबाईच्या मागोमाग टोळीतल्या सगळ्याच बाया येऊ लागल्या. उसाच्या पात्यानं त्यांचे हात कापलेले असायचे, टाचांना भेगा पडलेल्या असायच्या. माझं पाणी लागलं, की आधी झोंबायचं. त्या मला शिव्या द्यायच्या. मग हळूहळू बरं वाटायचं आणि शिव्या थांबायच्या. कुणी माहेरचं बोलायची, कुणी मुकादमाची नक्कल करायची, एखादी नुसतीच डोळे मिटून बसायची. दिवसभरात त्यांना तेवढीच काय ती बिनकामाची वेळ मिळायची. मी मनात म्हणायचे, बसा गं बायांनो, मला काही घाई नाही.

अशी कितीतरी वर्षं गेली. जोतीराम वारले. कौसल्येचे केस पिकले. उन्हाळ्या-पावसाळ्यात माझ्याकडं कुणी फिरकत नसे, पाईपला गंज चढे, आडोशाचं पाचट कुजून जाई. पण हंगाम आला, की चंद्राबाई येऊन नवं पाचट बांधायची. लोक मला काहीही म्हणोत, थंडीच्या दिवसांत मी कुणाच्या तरी उपयोगाची होते.

मग एक दिवस पुण्याहून श्रेया नावाची मुलगी आली. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारी. तिनं खात्याच्या जुन्या कागदांत माझी नोंद वाचली होती म्हणे. तिनं माझं पाणी बाटल्यांत भरून नेलं. थोड्याच दिवसांत ती परत आली ती जवळजवळ पळतच.

“आजी, तुमच्या या पाण्यात लिथियम आहे!”

कौसल्या घाबरली. “म्हंजी काय गं पोरी? न्हायल्यावर काय व्हतं का?”

श्रेया हसली आणि मातीतच बसून तिनं सगळं समजावून सांगितलं. लिथियम हा एक हलका धातू असतो. मोबाईलच्या बॅटरीत, विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या बॅटरीत तो लागतो. आपला देश तो बाहेरून आणतो. आणि इथं तो खडकातून झिरपून, मिठाबरोबर विरघळून, माझ्या पाण्यातून फुकट वर येत होता. शिवाय माझी उष्णता होती, तिच्यापासून वीज करता येणार होती. ना कोळसा, ना धूर.

मित्रांनो, मी काय तोऱ्यात होते म्हणता! ज्यांनी मला बघून नाकं मुरडली होती, ते आता मोबाईल घेऊन माझ्याबरोबर फोटो काढायला येऊ लागले.

पावसाळ्यात छोटा प्रकल्प उभा राहिला. तो कसा चालतो ते सांगते, अवघड नाही. माझं गरम पाणी बंद पाईपमधून आधी एका पेटीत जातं. तिथं दुसऱ्या नळीत एक असा द्रव असतो, की तो थोड्या उष्णतेनंही उकळतो. त्याची वाफ एक चाक फिरवते आणि वीज तयार होते. मग माझं पाणी दोन उंच टाक्यांत जातं. गावातले लोक त्यांना रांजण म्हणतात. त्यांत साबुदाण्याएवढे पांढरे मणी भरलेले असतात. हे मणी मोठे चोखंदळ आहेत. बाकीचं मीठ ते सोडून देतात आणि लिथियम तेवढं धरून ठेवतात. नंतर गोड्या पाण्यानं धुतलं, की ते लिथियमही सोडतात. उरलेलं माझं पाणी शेजारच्या दुसऱ्या बोअरमधून परत जमिनीत जातं. एक थेंब वर सांडायचा नाही, असा कडक नियम. त्यामुळे रानात मीठ फुटायचं थांबलं, हे चांगलंच झालं.

पण माझं सगळं पाणी पाईपात गेलं आणि हौद कोरडा पडला.

श्रेयाला त्या हौदाचं काहीच ठाऊक नव्हतं. ती आली तेव्हा हंगाम संपलेला होता, आडोसा मोडलेला होता. तिला वाटलं, जादा पाणी साठवायची ही जुनी टाकी असेल. कौसल्येला वाटलं, पाणी परत सोडणार म्हणतात, म्हणजे हौदातच सोडतील. दोघींचं रोज बोलणं व्हायचं, जेवणं एका ताटात व्हायची, पण या गोष्टीचा विषयच निघाला नाही. दिवाळी जवळ येत चालली होती. टोळ्या यायच्या होत्या. चंद्राबाई येईल आणि कोरडा हौद बघेल, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला. मला ओरडता येत असतं, तर मी सगळं शिवार जागं केलं असतं.

हौदात पाणी येत नाही, हे कौसल्येच्याही हळूहळू ध्यानात आलं. दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं श्रेयाशी बोलायचं, असं तिनं ठरवलं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, भलतंच घडलं.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, खुरपं, नांगर, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते. ज्याच्यावर पोट चालतं, त्याला त्या दिवशी काम सांगायचं नाही, हळदकुंकू वाहायचं आणि नैवेद्य दाखवायचा. मग माझी पूजा का नको? श्रेया आणि तिची माणसं जेवायला गेली होती. एका रांजणाचं झाकण, मणी तपासायचे म्हणून, उघडं होतं. कौसल्या ताट घेऊन आली. तिनं मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, उदबत्ती ओवाळली. इतकी वर्षं मला कुणी फूलसुद्धा वाहिलं नव्हतं. मला भरून आलं. मग ती मायेनं पुटपुटली, “खारे, नुसतं दाखवून काय उपेग? आज तोंड गोड कर,” आणि गूळ कालवलेलं तांब्याभर दूध तिनं शिडीवर चढून त्या रांजणात ओतलं.

त्या चोखंदळ मण्यांना ते कसं मानवणार? दूध नासलं, मणी एकमेकांना चिकटले आणि रांजण तुंबला. संध्याकाळपर्यंत सगळा प्रकल्प बंद पडला. श्रेयानं रांजणात डोकावून वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

“कुणी काय घातलंय यात?”

कौसल्या पुढं झाली. तिनं काही लपवलं नाही. “मी वतलं. गुळाचं दूध. निवद म्हनून.”

श्रेयानं तिच्याकडं बघितलं. तिला राग आला होता हे दिसत होतं आणि रागवावं कुणावर हे कळत नव्हतं हेही दिसत होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, “आजी, असं पुन्हा करू नका हं.” मग ती आणि तिची माणसं मणी बाहेर काढून, चाळणीत घेऊन, परत परत धूत बसली. धुऊनही काही मणी वाया गेले. दसरा त्यांचा तिथंच गेला. कौसल्या लांब बांधावर उभी राहून ते बघत होती. आपट्याची पानं तिच्या हातातच राहिली. आता हौदाचं मागायला तिला तोंडच उरलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि टोळी आली. या वेळी चंद्राबाईबरोबर तिची लेक अनिताही होती, दिवस भरत आलेली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्राबाई पाचटाची पेंढी डोक्यावर घेऊन आडोसा बांधायला आली. हौदाजवळ येऊन थांबली. पेंढी खाली टाकून तिनं हौदाच्या तळाला हात लावून बघितला.

“अक्का, खारी आटली व्हय?”

“आटली न्हाय गं. आता तिला मोठं काम लागलंय.”

चंद्राबाईनं माझ्याकडं, त्या नळ्यांकडं, रांजणांकडं बघितलं. “बरं झालं की,” ती म्हणाली. “तिला बी चांगलं दिस आलं.” आणि पेंढी उचलून परत निघून गेली. तिनं तक्रार केली असती, मला दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

अनिता बारामतीच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण कोपीत परत आली ती नेमकी कडाक्याच्या थंडीत. बाळंतिणीला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, शेकायचं, बाळाला तेल लावून पायांवर घेऊन अंघोळ घालायची, हे आपल्याकडे गरिबाच्या घरीही चुकत नाही. पण कोपीत तीन दगडांची चूल. ओलं सरपण. चंद्राबाई फडात गेली नाही तर कोयता बंद, म्हणजे मजुरी बंद, आणि गेली तर लेकीचं बघायला कुणी नाही. अनिताची कंबर धरली होती आणि बाळ गारठ्यानं रात्रंदिवस किरकिरत होतं.

हे कौसल्येला कळलं. तिनं काय केलं? आपल्या घरी चुलीवर हंडाभर पाणी उकळलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि ते कढत पाणी घेऊन बांधाबांधानं कोप्यांकडं निघाली. रोजच निघू लागली. तिची वाट माझ्या शेजारून जायची. मित्रांनो, माझ्या पोटात उकळतं पाणी, आणि माझ्या समोरून ती म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी डोक्यावर गरम पाणी वाहून नेतेय!

एका सकाळी दव पडून बांध निसरडा झाला होता. कौसल्येचा पाय घसरला. हंडा उलटला आणि पाणी तिच्या पावलावर सांडलं. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली. श्रेयानं मात्र बघितलं आणि धावत आली. तिनं पावलावर गार पाण्याची धार धरली आणि विचारलं, “आजी, एवढं गरम पाणी घेऊन कुठं निघाला होता?”

“अनिताला न्हायाला.”

“कोण अनिता?”

मग कौसल्येनं सांगितलं. चंद्राबाईचं, टोळीतल्या बायांचं, आडोशाचं, हौदाचं. श्रेया ऐकत राहिली. पावलावरची धार तिनं थांबवली नाही.

“म्हणजे हा हौद अंघोळीचा होता? आणि ते पाणी आम्ही बंद केलं?”

“तुमी कोंडलं न्हाय का ते पाइपात.”

“मग मला सांगितलं का नाही हो?”

“कुठल्या तोंडानं सांगू, पोरी? गूळ वतून तुझं काम नासवलं मी. तू एका सबदानं बोलली न्हाईस. आन वर मीच पानी मागू?”

श्रेयाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती म्हणाली, “आजी, मणी धुऊन निघाले. पण मी इथं येऊन इतके महिने झाले, आणि हा हौद कशाचा, एवढं एकदाही विचारलं नाही. चूक माझी मोठी आहे.”

प्रकल्पाचे मोठे साहेब विजयसिंह त्या दिवशी आलेले होते. श्रेया तशीच, ओल्या हातांनी, त्यांच्याकडं गेली. थोड्याच दिवसांत दिल्लीहून पाहणीला पाहुणे येणार होते, म्हणून साहेब आधीच घाईत होते.

“पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, श्रेया,” ते म्हणाले. “आणि हे खारं पाणी आपण वर सोडू शकत नाही. रानाचं काय होतं, ते तूच मला दाखवलंस.”

“पाणी नको, सर. फक्त ऊब द्या. वीज झाली, लिथियम निघालं, तरी परतीचा पाईप हाताला चटका देण्याइतका गरम असतो. ती ऊब आपण तशीच जमिनीत ढकलतो. तिच्यावर गोडं पाणी तापवू.”

साहेबांनी बांधावर बसलेल्या कौसल्येकडं आणि तिच्या लाल झालेल्या पावलाकडं बघितलं. “आपल्या पाण्याचा थेंब बाहेर येता कामा नये,” ते म्हणाले, “आणि आडोसा चांगला भक्कम करा. पाहुण्यांची वाट इथूनच आहे.”

इंदापूरच्या स्टँडजवळ अल्ताफचं दुकान आहे. तो घरांच्या गच्चीवर सोलर हीटर बसवून देतो. श्रेयाच्या फोनवर तो दुपारीच टेम्पो घेऊन हजर झाला. परतीचा पाईप बघून तो म्हणाला, “मॅडम, म्हंजी तांब्याची जिलबी करायची म्हना की!” त्यानं पाईपभोवती तांब्याच्या नळीचे वेढे दिले. कौसल्येच्या घरावरच्या टाकीतलं गोडं पाणी त्या नळीत एका टोकानं सोडलं आणि दुसरं टोक हौदावर आणलं. फक्त ऊब धरून ठेवायला वरून काहीतरी गुंडाळायला हवं होतं. त्याचं सामान पुण्याहून मागवावं लागणार होतं. कौसल्या लंगडत घरात गेली आणि एक गोधडी घेऊन आली.

“काकू, चांगली गोधडी हाय ही,” अल्ताफ म्हणाला. “घरात ऱ्हाऊ द्या.”

“आरं, मग चांगलीच नको का? लेकराचं पानी तापवायचंय.”

माझ्यावर गोधडी पांघरली गेली, मित्रांनो. एवढ्या मोठ्या प्रकल्पात अशी बोअर तुम्हाला दुसरी सापडायची नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाचा बारावा दिवस होता. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालतात तो दिवस. चंद्राबाई अनिताला हाताला धरून घेऊन आली. नव्या आडोशात कौसल्येनं नळ बारीक सोडला. पाणी वाफाळत बादलीत पडू लागलं. चंद्राबाईनं लेकीला पाटावर बसवलं, तिच्या कमरेवरून तांब्यामागून तांब्या ओतला. अनितानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ ताठ केली आणि मोठा सुस्कारा सोडला. मग चंद्राबाई पाय पसरून बसली आणि बाळाला तिनं नडगीवर उताणं घेतलं. पहिल्या तांब्याला बाळ असं किंचाळलं, की फडातले लोक वळून बघू लागले. दुसऱ्या तांब्याला ते गप्प झालं. तिसऱ्याला त्यानं चक्क डोळे मिटले.

“अक्का, साबनाला फेस बघ कसा आलाय!” चंद्राबाई हसत होती. माझ्या खाऱ्या पाण्यात साबणाला कधी फेस येत नसे, हे मला त्या दिवशी कळलं. खोटं कशाला बोलू, मला जरा लागलं. माझं पाणी आता कुणाच्या अंगाला लागत नाही, कुणाच्या भेगांना झोंबत नाही, कुणी मला शिव्याही देत नाही. माझी फक्त ऊब वर येते. पण त्या बाळाला आडोशातच कौसल्येच्या मांडीवर झोप लागली, तेव्हा मला दुसरं काही नको होतं.

पाहणीचे पाहुणे आले, त्या दिवशी थोडी धांदलच उडाली. गोधडीच्या पुढं माझा परतीचा पाईप उघडा आहे. चंद्राबाईनं त्यावर बाळाची दुपटी, लंगोट आणि एक छोटंसं पिवळं टोपडं वाळत घातलं होतं. गाड्या दारात येताना दिसल्या, तशी श्रेया आणि कौसल्या दोघी ते गोळा करायला धावल्या. दुपटी निघाली, लंगोट निघाले, टोपडं मात्र ओलंच होतं. तेवढ्यात विजयसिंह साहेब पाहुण्यांना घेऊन समोर येऊन उभे राहिले. पाहुण्यांनी चाक फिरताना बघितलं, रांजण बघितले, मग त्यांची नजर त्या टोपड्यावर गेली.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

कौसल्येनं टोपड्याला हात घातला. साहेब म्हणाले, “राहू द्या, आजी. वाळू द्या ते.” आणि पाहुण्यांना त्यांनी हौदाचीही सगळी गोष्ट सांगितली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझ्या पाण्यातून वीज निघते, लिथियम निघतं, माझं नाव म्हणे मोठमोठ्या लोकांच्या कानावर गेलं आहे. चांगलंच आहे. तुम्हीही मोठे होऊन असंच काहीतरी नवं करा, जुन्या पाईपांतून, टाकाऊ पाण्यातून, कशातूनही करा. पण एखादी जुनी वस्तू हलवायला, झाकायला, मोडायला जाल, तेव्हा एका म्हातारीचं ऐका. आधी आसपासच्या माणसांना विचारा, आणि त्या वस्तूवर कुणाचं काही वाळत घातलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या. असलंच, तर वाळेपर्यंत थांबा.